चिवडा बाद, आमरस पास: वजनरहित अवस्थेतलं जेवण

अर्धवट_अभियंता

जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा सोबत गाजर हलवा, मूगडाळ हलवा आणि आमरस नेला होता, हे सगळ्यांनी वाचलंच असेल. बातम्यांचा सूर 'बघा, आपला हलवा कुठे पोचला' असा होता. अभिमान ठीकच आहे, पण माझं कुतूहल वेगळं. हे तिन्ही पदार्थ तिथे खायला तांत्रिकदृष्ट्या चोख आहेत. वजनरहित अवस्थेत पदार्थाची पहिली परीक्षा चवीची नसते. तो चमच्याला धरून राहतो की सुटून पळतो, हे आधी बघावं लागतं. हलवा धरून राहतो आणि आमरस पिशवीतून ओढता येतो.

सुरुवातीलाच एक नेहमीचा गोंधळ बाजूला करू. स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किमी उंचीवर फिरतं आणि तिथलं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असतं. स्थानक, माणसं, चमचे, हलवा, सगळं एकाच वेगाने पृथ्वीभोवती सतत 'पडत' असतं, म्हणून वजन जाणवत नाही. यावर वाद घालायचा असेल तर वेगळा धागा काढा, इथे जेवणाचं बोलू.

माणूस अंतराळात जाण्याआधी काही डॉक्टरांना खरीखुरी शंका होती की घास घशाखाली उतरेल का. १२ एप्रिल १९६१ ला गागारिनने १०८ मिनिटांच्या उड्डाणात ट्यूबमधून खाऊन दाखवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेरमान तितोव्ह दिवसभराहून जास्त वर राहिला, व्यवस्थित जेवला आणि त्याला ओकारीही झाली. म्हणजे अंतराळात ओकणारा पहिला माणूस होण्याचा मानही त्याचाच. फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉन ग्लेनने सफरचंदाचा गर ट्यूबमधून खाल्ला. गिळायला गुरुत्वाकर्षण लागत नाही. अन्ननलिकेचे स्नायू लाटेसारखे आकुंचन पावून घास पुढे ढकलतात. शुक्लांनीही परत आल्यावर टाकलेल्या व्हिडिओत हेच सांगितलं होतं.

खरी अडचण तोंडाच्या अलीकडची. ताटात भात 'वाढला' असं म्हणायला भाताने ताटात बसायला हवं ना! तिथे कामाला येतो तो पृष्ठताण. ओला, दाटसर पदार्थ चमच्याला आणि पिशवीच्या भिंतीला चिकटून राहतो. म्हणून चमच्याने जेवण होतं, फक्त हात सावकाश हलवायचा. झटका दिला की घास चमचा सोडून सरळ रेषेत निघाला.

वाळवलेल्या जेवणाची कृती अशी: पाकिटाच्या तोंडाला एक झडप असते, ती पाणीयंत्राच्या सुईवर बसवायची. पाकिटावर लिहिलेलं असेल तेवढं गरम पाणी सोडायचं. काढून बोटांनी दाबत दाबत आत पाणी सगळीकडे फिरवायचं. मग पाच-दहा मिनिटं पाकीट वेल्क्रोने भिंतीला किंवा टेबलाला चिकटवून ठेवायचं. नंतर कात्री. हो, तिथल्या जेवणात चमच्याइतकीच कात्री महत्त्वाची. पाकीट पूर्ण फाडायचं नाही, कापलेला तुकडा एका बाजूला लटकत ठेवायचा, नाहीतर तोच तरंगत कुठेतरी जातो. चमचा लांब दांड्याचा, म्हणजे तळाशी पोचताना बोटं बरबटत नाहीत.

पेयाच्या पिशवीला नळी असते आणि नळीला चिमटा. घोट झाला की चिमटा लावायचा. विसरलात तर पेय आपण होऊन बाहेर येतं आणि नळीच्या टोकाला गोळा फुगत जातो.

चर्चा होऊ द्या.

खवय्या_खंडू

म्हणजे दिवाळीचा फराळ पूर्ण बाद? चिवडा, शेव, चकली, करंजी?

अर्धवट_अभियंता

चिवडा तर कडेलोट आहे. कणाकणाने सुटणारं काहीही तिथे धोक्याचं. कण जमिनीवर पडत नाही, हवेबरोबर फिरतो. डोळ्यात जाईल, श्वासात जाईल, नाहीतर हवा खेचणाऱ्या जाळीवर जाऊन बसेल. म्हणून तिथे मीठ पाण्यात विरघळवून आणि मिरपूड तेलात घालून बाटलीतून देतात. हरवलेला स्क्रू, पेन, बदाम शोधायचा तर आधी त्या जाळ्या बघायच्या अशी तिथली पद्धत आहे. शनिवारी सगळे मिळून व्हॅक्यूम घेऊन साफसफाई करतात, त्यातही जेवणाच्या टेबलाभोवती घाण जास्त.

बेसनाचा लाडू एका घासात मावेल एवढा वळलात तर मात्र चालेल. तुपाने तो धरून राहतो.

जुनी_वही

कणांवरून अमेरिकी अंतराळवीर जॉन यंगचं सँडविच आठवलं. मार्च १९६५, जेमिनी ३ हे दोघांचं यान. त्या काळी कण सुटू नयेत म्हणून नासा घासाएवढ्या चौकोनी वड्या करून त्यांना जिलेटिनचा लेप देत असे. यंगने मात्र स्पेससूटच्या खिशातून कॉर्न्ड बीफचं सँडविच नेलं. ते वॉली शिरा या दुसऱ्या अंतराळवीराने कोको बीचवरच्या दुकानातून आणून दिलं होतं. वर गेल्यावर यंगने ते यानातला जोडीदार गस ग्रिसमपुढे धरलं. ग्रिसमने एक घास घेतला, पाव सुटायला लागला, आणि त्याने ते गुमान खिशात टाकलं. सगळा प्रकार काही सेकंदांचा.

पण खाली आल्यावर अमेरिकी काँग्रेसच्या सुनावणीत विषय निघाला! जनतेच्या कोट्यवधी डॉलरांच्या यानात चोरून सँडविच! यंगला समज मिळाली, कारकीर्द मात्र झकास झाली. तो १९७२ मध्ये चंद्रावर चालला, १९८१ मध्ये पहिल्या स्पेस शटलचा कमांडर झाला. त्या शटलच्या मेनूवर कॉर्न्ड बीफ अधिकृतपणे होतं.

सुगरण_नव्हे

पावाचे तुकडे पडतात हे समजलं. मग पोळी का नाही नेत? तुकडे पडत नाहीत, गुंडाळून खाता येते, भाजीही आत धरून ठेवते.

रिटॉर्ट_राव

सुगरण_नव्हे ताई, तुमचा प्रश्न नासाला १९८५ मध्ये सुटला. मेक्सिकोचे रोदोल्फो नेरी वेला शटलवर गेले, त्यांनी जेवणात टॉर्टिया, म्हणजे तिकडची पोळी, मागितला. सगळ्यांच्या लक्षात आलं की पावापेक्षा हे कितीतरी सोयीचं. तेव्हापासून पाव मागे पडला, अमेरिकी अंतराळवीर जवळपास सगळं टॉर्टियातच गुंडाळतात. साधा टॉर्टिया काही दिवसांत बुरशी धरतो, म्हणून पाकिटातला ऑक्सिजन काढून टाकतात आणि पिठातला ओलावा कमी ठेवतात. असा तो दीड वर्ष टिकतो.

पोळीचं म्हणाल तर म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने (डीएफआरएल) सैन्यासाठी टिकाऊ चपात्या केव्हाच बनवल्या आहेत. हीच प्रयोगशाळा १९८४ मध्ये राकेश शर्मांसाठी राबली होती. सॅल्यूत ७ या सोव्हिएत स्थानकावर त्यांच्याबरोबर शिऱ्यासारखा सुजी हलवा, आलू छोले आणि व्हेज पुलाव होता. गगनयानासाठीचं जेवणही तिथेच तयार होतंय. इडली-सांबार, उपमा, पुलाव, मूगडाळ हलवा ही नावं त्या यादीत आली आहेत.

मी फळांचा गर डबाबंद करण्याच्या धंद्यात आयुष्य काढलं, म्हणून दोन गोष्टी सांगतो. अंतराळातली 'तयार' पाकिटं म्हणजे बहुतेक रिटॉर्टच. पदार्थ शिजवून बहुपदरी पिशवीत भरायचा, सील करायची आणि दाबाखाली साधारण १२१ अंशांवर जंतू मारायचे. दुकानात मिळणारी तयार दाल माखनीची पिशवी आणि स्थानकावरची पिशवी ही सख्खी भावंडं. फरक ओलाव्याच्या हिशेबात आहे. आमटी पातळ असेल तर पिशवी कापताना गोळे सुटतात. म्हणून रस्सा दाट करावा लागतो, डाळ मोडून एकजीव करावी लागते.

दुसरं म्हणजे हॅसप (HACCP), अन्न सुरक्षित ठेवण्याची पद्धत. निर्यातीसाठी आंब्याचा पल्प करणाऱ्या कुठल्याही कारखान्यात हा शब्द दिवसातून दहादा ऐकू येतो. त्याचं मूळ अंतराळातल्या जेवणात आहे. साठच्या दशकात पिल्सबरी कंपनी नासासाठी अन्न बनवत होती. तयार मालाचे नमुने तपासून सुरक्षिततेची खात्री द्यायची तर तपासणीतच बहुतेक माल संपायचा. मग त्यांनी उलटा विचार केला: कच्च्या मालापासून पॅकिंगपर्यंत बिघाड कुठे कुठे होऊ शकतो ते टप्पे ठरवायचे आणि प्रत्येक टप्प्यावर पहारा ठेवायचा. अंतराळवीराला जुलाब होऊ नयेत म्हणून निघालेली ही पद्धत, तिच्यामुळे आज आपल्या पल्पचे कंटेनर परदेशी बंदरात अडत नाहीत.

खवय्या_खंडू

राव, दंडवत. पण पिठल्याचं सांगा की.

रिटॉर्ट_राव

पिठलं पास. घट्ट करा, पळीवाढं नको.

ह्यूस्टनकर

इथे स्पेस सेंटर ह्यूस्टनमध्ये स्कायलॅब या जुन्या अमेरिकी स्थानकाचा सरावासाठी वापरलेला सांगाडा ठेवला आहे, पाहुणे आले की आमची तिथे फेरी ठरलेली. माझी आवडती जागा म्हणजे जेवणाचं टेबल. टेबल त्रिकोणी आहे, म्हणजे तिघांपैकी कुणीच 'मुख्य जागी' बसत नाही. बसत नाही म्हणजे खरंच बसत नाही, मांड्या अडकवायला पट्ट्या आहेत. १९७३-७४ च्या त्या स्थानकावर फ्रीझर होता, आइस्क्रीम आणि लॉबस्टर होता, ट्रेमध्येच अन्न गरम व्हायचं. पुढच्या यानांपेक्षा तिथली पंगत जास्त राजेशाही.

गंमत म्हणजे आताच्या स्थानकावर जेवणासाठी म्हणून तसा मोठा फ्रीझर नाही. प्रयोगांच्या नमुन्यांसाठी जे शीतकपाट वर जातं त्यात जागा उरली तर खालची मंडळी आइस्क्रीम भरून पाठवतात.

यानाची वीज कुठून येते त्यावर जेवणाचा प्रकार ठरतो, हे मला फार उशिरा उमगलं. शटलमध्ये वीज इंधन घटातून यायची, त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन वीज बनते आणि पाणी आयतं तयार व्हायचं. मग वाळवलेलं अन्न न्या आणि वर पाणी घाला, वजन वाचलं. स्थानकाची वीज सौरपट्ट्यांतून येते, आयतं पाणी नाही. तिथे पाणी वाचवायचं असतं, म्हणून ओली, शिजवलेली पाकिटंही भरपूर. घाम, श्वासातली वाफ आणि लघवी शुद्ध करून पुन्हा पिण्यायोग्य करतात. २०२३ मध्ये हे प्रमाण ९८ टक्क्यांवर गेलं. ज्यांना ऐकूनच कसंतरी होतंय त्यांनी नदीकाठच्या शहरांना पाणी कुठून येतं याचा विचार करावा.

चवीबद्दल. वर गेल्यावर पायांतलं रक्त-पाणी वरच्या अंगाला सरकतं, चेहरा सुजतो, नाक चोंदतं. त्यात गरम पदार्थाचा वास वर येत नाही, कारण गरम हवा वर जाते ती गुरुत्वाकर्षणामुळे. सर्दी झाल्यावर जेवण जसं लागतं तसं. म्हणून तिखट सॉसला प्रचंड मागणी. वाळवलेली कोळंबी कॉकटेल वर्षानुवर्षं लोकप्रिय, ती तिच्यातल्या नाकात जाणाऱ्या हॉर्सरॅडिशमुळे. सुनीता विल्यम्स पहिल्या मोहिमेत, २००७ मध्ये, वासाबीची ट्यूब उघडायला गेल्या तर दाबाने आतला माल बाहेर उडाला. हिरवे ठिपके कुठे कुठे चिकटले ते पुसत बसावं लागलं, वास बरेच दिवस राहिला आणि ती ट्यूब स्वयंपाकाच्या जागेतून हद्दपार झाली. समोसे हाही त्यांचा जुना लाडका खाऊ.

स्पष्टवक्ता_७१

सगळं कौतुक छान आहे. पण शेवटी अब्जावधी खर्चून ट्यूबमधली पेस्टच चोखायची ना?

अर्धवट_अभियंता

धागा वाचलात का? ट्यूब साठच्या दशकातल्या. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ चंद्राभोवती फिरून आलं, तेव्हाच त्यांनी नाताळचं टर्कीचं मांस आणि ग्रेव्ही साध्या चमच्याने खाल्ली होती. आता सुमारे दोनशे पदार्थांतून मेनू लागतो, शिवाय प्रत्येकाला आवडीचा थोडा वेगळा साठा मिळतो. रशियन विभागात डबाबंद अन्न जास्त, टेबलातच डबे गरम करायची सोय आहे. जपानच्या सोइची नोगुचींसाठी २००५ मध्ये नूडल्स नेल्या, त्या तोंडात मावतील अशा गोळ्यांच्या, ७० अंशांच्या पाण्यात भिजणाऱ्या आणि दाट रश्श्यातल्या. दक्षिण कोरियाने २००८ मध्ये किरणोत्साराने जंतू मारलेली किमची पाठवली, कारण जिवंत जिवाणूंचं पाकीट वर फुगून फुटलं तर निस्तरणार कोण.

चहाबाज

चहा? कॉफी? पिशवीला नळी लावून कॉफी म्हणजे पापच.

ह्यूस्टनकर

अमेरिकी अंतराळवीर डॉन पेटिट यांनाही तसंच वाटलं. २००८ मध्ये त्यांनी स्थानकावरच एका वहीतलं प्लॅस्टिकचं पान दुमडून कप केला. वरून पाहिलं तर थेंबाच्या आकाराचा, एका बाजूला अरुंद कोन. त्या कोनातून केशाकर्षणाने कॉफी आपोआप ओठापर्यंत चढते, कप तिरपा करावा लागत नाही. पुढे त्याचं पेटंटही झालं. मे २०१५ मध्ये तर इटलीच्या अंतराळवीर सामंथा क्रिस्तोफोरेत्ती यांनी खास इटालियन यंत्रावर एस्प्रेसो करून तो अशाच कपातून प्यायला.

कोला मात्र नापास. १९८५ च्या उन्हाळ्यात कोक आणि पेप्सीने खास डबे बनवून शटलवर पाठवले. एकतर थंड करायची सोय नाही, त्यात फेसच फेस. मोठी पंचाईत पुढची: जमिनीवर पोटातला वायू वर जमतो आणि ढेकर कोरडा येतो. तिथे वायू आणि पातळ अन्न वेगळं होतच नाही, त्यामुळे ढेकराबरोबर सगळंच वर येतं.

डॉक्टरीणबाई

आमच्या बाजूचं थोडं. पहिले दोन-तीन दिवस निम्म्याहून जास्त लोकांना मळमळतं, भूक मरते. नंतरही अन्न पोटात तळाशी बसत नसल्याने लवकर भरल्यासारखं वाटतं. त्यामुळे खाणं कमी पडतं आणि वजन घटतं. हाडांमधून कॅल्शियम जात असतं, त्यात मीठ जास्त झालं तर भर पडते, म्हणून नासाने आपल्या बऱ्याच पदार्थांतलं सोडियम कमी केलं. म्हणजे चव लागत नाही तिथेच मीठ कमी, आणि वर तिखट सॉसची बाटली! ऊन नाही म्हणून ड जीवनसत्त्वाची गोळी. लोह मात्र जपून, कारण शरीरात तांबड्या पेशी कमी होतात आणि लोह साठून राहतं.

सगळ्यांनी एकत्र जेवण्याला तिथले डॉक्टर औषधाइतकंच महत्त्व देतात. कामाच्या तासांत जो तो आपापल्या कोपऱ्यात असतो, पण शुक्रवार-शनिवारी रशियन, अमेरिकी, जपानी सगळे एका टेबलाभोवती जमायचा प्रयत्न करतात. शुक्लांच्या चमूतही हलवा सगळ्यांनी वाटून खाल्ला.

सुगरण_नव्हे

खरकट्याचं काय? आणि ताजं काही शिजवता येतच नाही का?

अर्धवट_अभियंता

माणशी रोज साधारण पावणेदोन किलो अन्न लागतं, त्यात जवळपास अर्धा किलो नुसतं पॅकिंग. रिकामी पाकिटं घट्ट दाबून, टेप लावून पिशव्यांत भरतात आणि परतीच्या प्रोग्रेस किंवा सिग्नस मालवाहू यानात कोंबतात. ती यानं वातावरणात जळून जातात. पाकीट चाटून-पुसून खायचं, कारण आत राहिलेलं कुजून वास मारतं.

शिजवण्याचं म्हणाल तर उकळत्या पाण्यात बुडबुडे वरच जात नाहीत, तळाशी चिकटून मोठे होतात. फोडणी देण्याचा तर विचारही नको. २०१९ च्या शेवटी स्थानकावर एका छोट्या ओव्हनमध्ये बिस्किटं भाजली, जमिनीवर वीसेक मिनिटांत होणारं बिस्किट तिथे नीट व्हायला दोन तास लागले, आणि ती खाल्ली नाहीत, तपासायला खाली आणली. चिनी मंडळी पुढे निघाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांच्या थ्येनकोंग स्थानकावर गरम हवेच्या ओव्हनमध्ये कोंबडीचे पंख भाजून चक्क खाल्ले.

स्पष्टवक्ता_७१

बरं, पंख आवडले. पण मंगळाच्या गप्पा मारतात, तिथे दोन-तीन वर्षं पाकिटंच खाणार?

रिटॉर्ट_राव

तिथेच गाडी अडलीय. मंगळासाठी अन्न पाच वर्षं टिकायला हवं, कारण काही साठा माणसांच्या आधी पाठवावा लागेल. जंतूंच्या दृष्टीने रिटॉर्ट पाकीट टिकतं हो, पण क आणि ब१ सारखी जीवनसत्त्वं साठवणीत उतरतात, रंग काळपट होतो, पोत जातो. वर्षभर ठेवलेला आंब्याचा डबा फोडला की आमच्या नाकाला ते लगेच कळतं.

म्हणून ताजी भाजी पिकवण्याची धडपड. ऑगस्ट २०१५ मध्ये स्कॉट केली, शेल लिंडग्रेन आणि किमिया युई यांनी स्थानकावर उगवलेला लाल लेट्यूस खाल्ला, २०२१ मध्ये तिथेच वाढलेल्या मिरच्या टॅकोमध्ये घातल्या. वजनाच्या हिशेबात अशी शेती अजून परवडत नाही, पण क जीवनसत्त्वापुरती तरी लवकरच परवडेल असं माझं मत.

कट्ट्यावरची_मेथी

शुक्लांनी मेथी आणि मुगालाही तिथे मोड आणले होते ना? धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा आणि आयआयटीचा प्रयोग. उसळ केली का?

अर्धवट_अभियंता

नाही. मोड आल्यावर बश्या शीतकपाटात ठेवल्या आणि खाली आणल्या. वर मोड आलेल्या धान्याचे गुणसूत्र, पोषण आणि त्यावरचे जंतू यांत काय फरक पडतो ते पाहायचंय. या बियांची पुढच्या काही पिढ्यांपर्यंत लागवडही करून बघणार आहेत.

खवय्या_खंडू

मोड आलेले मूग कपाटात ठेवून माणूस पाकिटातलं जेवतोय. संयम म्हणतात तो हाच.